उंबऱ्यावर अडकलेली होडी

बुकित पंजांग, सिंगापूर
रविवार, १८ जून २००६

प्रिय विनीताताई,

नमस्कार. आईंचे गुडघे आता कसे आहेत? तुम्ही पाठवलेली शेंगदाण्याची चटणी इंग्लंडलाही जाऊन आली, हे त्यांना आधी सांगा.

आम्ही मागच्या आठवड्यात परत आलो. आईंनी फोनवर होडीबद्दल विचारलं तेव्हा उन्मेष "छान झालं" एवढंच म्हणाला आणि त्याने फोन क्षिप्राच्या हातात दिला. ती "नाइस, आजी" म्हणून मोकळी झाली. म्हणून आज मी सविस्तर लिहायला बसले. घरात जमेना, तेव्हा ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, येऊन बसलेय. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे मोठमोठ्याने वाद घालतायत आणि वरचा पंखा कागद उडवतोय. अक्षर सांभाळून घ्या.

बर्मिंगहॅमला उन्मेषची कॉन्फरन्स होती. क्षिप्राला जूनची सुट्टी, म्हणून आम्ही दोघी बरोबर गेलो. कॉन्फरन्स संपल्यावर एक दिवस मोकळा होता. हॉटेलच्या काउंटरवर उन्मेषला एक पत्रक मिळालं. लहान होडी दिवसभर भाड्याने घ्या, नदीतून स्वतः चालवत न्या, लायसन लागत नाही. मला वाटलं थट्टा करतोय. पण तुमचा भाऊ तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर हजर.

होडी लांबट, हिरवी. पुढे एक लहानशी खोली, तिच्यात बाकं आणि चहापुरता गॅस. मागे उभं राहून सुकाणू धरायचं. चाल इतकी संथ की काठावरून कुत्रा घेऊन चाललेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली, आणि जाताना हात हलवून गेली.

वाटेत लॉक लागत होते, ते म्हणजे काय हे आईंना असं सांगा. नदीला जिथे उतार असतो तिथे बांध घातलेला असतो, आणि त्याच्या कडेला दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला एक लांबट दगडी हौद. हौद भरलेला असताना होडी आत घ्यायची आणि मागचा दरवाजा लावायचा. मग पुढच्या दरवाजाच्या झडपा हँडल फिरवून उघडायच्या. पाणी उतरतं, त्याच्याबरोबर होडीही खाली जाते, आणि पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडून निघायचं. दरवाजे हाताने ढकलायचे. त्यांना लावलेल्या लांब ओंडक्याला पाठ टेकवायची आणि रेटायचं. मला ते इतकं आवडलं की झडपा मी कोणाला हात लावू देईना. सुकाणू उन्मेषकडे, खाणंपिणं क्षिप्राकडे. प्रत्येक लॉकमध्ये उन्मेष खालून आम्हाला शास्त्र समजावत होता.

दुपारी काठाला होडी बांधून सँडविच खाल्ली. चटणी तिथेच कामी आली. मग आणखी एका लॉकपर्यंत गेलो आणि तिथून मागे वळलो. चहा करताना क्षिप्राच्या मनगटावर गरम पाणी सांडलं, पण आता बरं आहे. परत येताना होडी मी चालवली. ऊन छान होतं.

इथपर्यंत आईंना वाचून दाखवा. पुढचं पान तुम्ही एकट्या वाचा.

ताई, त्या शेवटच्या लॉकमध्ये होडी बुडता बुडता राहिली. क्षिप्रा आत होती.

मागच्या दरवाजाखाली, पाण्यात, दगडी उंबरा असतो. वरून दिसत नाही, पाणी उतरलं की उघडा पडतो. होडीची मागची बाजू त्याच्यावर येऊ द्यायची नाही, म्हणून काठावर पांढरी रेघ असते. रेघेच्या पुढे राहायचं, एवढंच. उन्मेष सकाळपासून दर वेळी ते करत होता. या वेळी मी झडपा उघडल्या, पाणी उतरायला लागलं आणि होडी हळूहळू मागे सरकताना दिसली. मी म्हटलं, "उन्मेष, पुढे घे." मग मोठ्याने म्हटलं. तो माझ्याकडेच बघत होता. डोळे उघडे, चेहरा माझ्याकडे, आणि त्याला मी दिसत नव्हते. काहीतरी चघळत असल्यासारखे ओठ हलत होते. डाव्या हाताने शर्टाचं बटण चाचपणं चाललं होतं, पुन्हा पुन्हा.

होडी मागून उंबऱ्यावर टेकली. पाणी उतरतच होतं. पुढचं टोक खाली जायला लागलं, आतली भांडी घसरल्याचा आवाज आला आणि क्षिप्रा किंचाळली. ते मनगट तेव्हा भाजलं. मी झडपा बंद करायला लागले. हँडल एकदा हातातून सुटलं. त्या बंद झाल्यावर धावत मागच्या दरवाजाकडे गेले आणि तिकडच्या झडपा उघडून पाणी आत घेतलं. होडी खरडत, कलंडत, परत तरंगली. पुढून पाणी आत शिरायला वीतभर अंतर राहिलं होतं.

तेव्हा उन्मेष म्हणाला, "झडपा का बंद केल्यास?"

अगदी शांतपणे. त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, "डुलकी लागली असेल. प्रवासाची झोप पुरी झाली नाही."

"डुलकी लागलेला माणूस उभा राहत नाही."

"डॉक्टर तू आहेस की मी?"

मी त्याला बाकावर बसायला सांगितलं आणि सुकाणू घेतलं. परतीच्या लॉकवर झडपा क्षिप्राने उघडल्या, भाजलेल्या हाताला रुमाल बांधून. धक्क्यावर उतरल्यावर ती मला हळूच म्हणाली, "ममी, डॅडी डिड दॅट इन द कार ऑल्सो. लाइट ग्रीन ऑलरेडी, ही नेव्हर गो. मागचे अंकल हॉर्न अँड हॉर्न." मी विचारलं, मग तू सांगितलं का नाहीस? "आय थॉट ही थिंकिंग अबाउट वर्क."

इथे आल्यापासून तो रोज कामावर जातोय. भूलतज्ज्ञाचं काम काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सर्जन कापत असतो आणि हा पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवून बसलेला असतो. त्यानेच लक्ष ठेवायचं असतं, दुसऱ्या कोणी नाही. मी विषय काढला की तो खोलीतून उठून जातो. डॉक्टरला दाखव म्हटलं तर हसतो.

म्हणून तुम्हाला विचारतेय. लग्नानंतर आईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याला जागरण घडू देऊ नकोस. डॉक्टरच्या बायकोला हे काय सांगणं, असं मला तेव्हा वाटलं होतं. सांगलीतली तुमच्या घरची सगळी मुलं कृष्णेत पोहायला शिकली, एकटा उन्मेष शिकला नाही. त्याला कधी पाण्यात उतरूच दिलं नाही, असं तो गमतीने सांगतो. हल्ली हे दोन्ही मनात एकत्र येतं. ताई, लहानपणी त्याला फिट येत होत्या का?

इथला फोन हॉलमध्ये आहे आणि ई-मेल आमच्या दोघांची एकच. म्हणून कागदावर. उद्या सोमवार, उद्याही त्याची ऑपरेशनं आहेत. त्याचे विभागप्रमुख डॉ. लिम यांचा नंबर मी पर्समध्ये ठेवलाय. लावला आणि माझंच चुकलं असेल, तर मी त्याला त्याच्या माणसांसमोर खाली पाहायला लावीन. न लावावा, तर क्षिप्राचं ते किंचाळणं कानातून जात नाही.

कागद संपत आलाय. टपालपेटी समोरच आहे, आत्ताच टाकते.

तुमची,
निहारिका


बुकित पंजांग, सिंगापूर
रविवार, १६ जुलै २००६

प्रिय विनीताताई,

त्या दिवशी फोनच्या त्या टोकाला तुम्ही आणि आई होतात. या टोकाला काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र. फोन खाली ठेवल्यापासून तुम्हीही अस्वस्थ असाल.

पत्र टाकलं खरं, पण उत्तराची वाट बघणं मला जमलं नाही. सोमवारी सकाळी उन्मेष बूट घालत होता तेव्हा मी म्हटलं, "मी डॉ. लिमना फोन करणार आहे. त्याआधी तूच केलास तर बरं होईल."

"कर," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन लिफ्टमध्ये शिरला. मी करणार नाही, अशी त्याची खात्री होती. लिफ्ट खाली पोचेपर्यंत मी नंबर लावला होता. डॉ. लिम फार कमी बोलले. होडीत मी काय पाहिलं ते दोनदा विचारलं, क्षिप्राचं गाडीतलंही विचारलं, आणि म्हणाले, "थँक यू. आय नो धिस इज नॉट ईझी."

तो दुपारच्या आत घरी आला. गाडी तिकडेच, नोव्हेनाला हॉस्पिटलात ठेवून, एमआरटी ट्रेनने. "थिएटरच्या दारातून परत बोलावलं मला. सिस्टर बघत होत्या," म्हणाला, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवायचा, क्षिप्राला अभ्यासाचं विचारायचा, मला काहीच नाही. मेंदूचा आलेख काढला तर तो साफ आला. "झालं समाधान?" एवढं एक वाक्य त्या दिवशी मिळालं. आलेख साफ आला म्हणजे काही नाही असं नसतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. खरं सांगते, माझीही खात्री डळमळली. वाटलं, होडीत मी घाबरून भलतंच पाहिलं असेल. तो डॉ. लिमना भेटून परत कामावर घ्या म्हणणार होता.

तेवढ्यात तुमचा फोन. तुम्ही मला काही न सांगता "उन्मेषला दे" म्हणालात, तेव्हाच मला उत्तर कळलं. मी बाजूला उभी राहिले. मला फक्त त्याचं बोलणं ऐकू येत होतं. आधी "हं, ताई, हं" चाललं होतं. मग तो सरळ उभा राहिला, तेव्हा आईंनी फोन घेतला असणार.

"कसल्या गोळ्या?"

"शक्तीच्या म्हणून द्यायचीस त्या?"

"कुठल्या इयत्तेपर्यंत?"

मग म्हणाला, "आई, मी डॉक्टर झालो. निदान तेव्हा तरी सांगायचंस." आवाज चढवला नाही. पुढे म्हणाला, "लोक माझ्या भरवशावर झोपतात गं." आणि फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेला.

आई रडत होत्या. त्यांनी मला सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. गोळ्या बंद केल्यावर फिट परत कधी आली नाही, त्यांना वाटलं गेलं ते, त्याच्या मनात भीती बसू नये म्हणून कोणी बोललं नाही. माझ्याही मनात त्यांच्याविषयी राग आला होता. लग्नाआधी मला सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं, आणि हे मी तुम्हाला स्पष्ट लिहिते. पण तो फोन त्यांनी स्वतः हातात घेतला, तुमच्यावर सोडला नाही, हेही मला दिसतं.

गॅलरीतून आत आल्यावर उन्मेषने मेंदूच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. हॉस्पिटलात ठेवून, कॅमेऱ्यासमोर, परत तपासणी झाली, त्यात फिट सापडली. त्याला चित्रणाचा तो तुकडा दाखवला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "बटण चाचपतो मी. तू म्हणाली होतीस तसंच." पुष्कळ दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलला, ते हे.

आता गोळ्या सुरू आहेत. गाडी चालवायची नाही. थिएटरमध्ये जायचं नाही, सध्या तरी. ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासायच्या खोलीत त्याला बसवलंय. तो जातो, पण घरी आला की एका जागी बसत नाही. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. काल भांडी पुसता पुसता म्हणाला, "पेशंट टेबलावर असताना मी किती वेळा असा भान हरपून गेलो असेन?"

मी म्हटलं, "कोणाला काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत?"

मला माहीत नाही, ताई. डॉ. लिम जुनी सगळी कागदपत्रं काढून बघतायत. अजून काही निघालेलं नाही. निघणार नाही असं मी त्याला सांगू शकत नाही, आणि तो तेवढंच एक ऐकायला थांबलाय.

आईंशी तो इतक्यात बोलेल असं वाटत नाही. रविवारी फोन वाजला की उठून आत जातो. मी आग्रह करत नाही. तुम्हीही करू नका.

रोज संध्याकाळी तो आम्हा दोघींना विचारतो, "आज गेलो होतो का?" आपण गेलो होतो हे आपल्याला कधीच कळणार नाही, दुसऱ्याने सांगितलं तरच कळणार, हे त्याला गोळ्यांपेक्षा जड जातं. क्षिप्रा म्हणते, "नो लाह, डॅडी. होल डे यू हिअर." मंगळवारी मात्र गेला. जेवताना, घास हातात तसाच. क्षिप्राने त्याच्यासमोरचा गरम वरणाचा वाडगा सरकवला आणि आम्ही दोघी थांबलो. परत आला तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. काय सांगावं ते मी ठरवत होते, तोवर क्षिप्रा म्हणाली, "येस, डॅडी. शॉर्ट वन."

त्याने मान हलवली. वाडगा परत जवळ ओढून घेतला आणि जेवायला लागला.

मघापासून तो गॅलरीत उभा आहे आणि त्याची काही चाहूल नाही. बघून येते.

तुमची,
निहारिका