समुद्राला फाटक नाही

३ फेब्रुवारी
दादाने जमीन विकली! मला विचारलंही नाही. बेलार्मिनोदादा फाटकातच म्हणाला, "ओती, महिन्याअखेर घर रिकामं कर. पाडायचंय." बाबांनी जमीन त्याला दिली, घर मला. म्हटलं, "जमीन तुझी ना? विक खुशाल. घर मी ओढून घेऊन जाते. लाकडाचंच तर आहे."
हसला. "मिंगा घालणार? तू? नवरा नाही, बैल नाहीत. कोण येणार तुझं घर ओढायला?"
औरिस्तेलावहिनी बटाटे सोलत होती. मान वर केली नाही.

५ फेब्रुवारी
उबेर्लिंदाने खाडीपलीकडची, चर्चशेजारची तिची जागा दिली. मैत्रीण असावी तर अशी.

७ फेब्रुवारी
आमच्या बेटावर घर ओढायला मजूर लावत नाहीत, मिंगा घालतात. दारोदार जाऊन बोलवायचं, येईल त्याला पोटभर कुरांतो, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण, घालायचा. बोलवायला जातो तो घरचा पुरुष. आज मी गेले. जिथे तिथे तेच — "भावाला पाठव, मग बघू."
नेमेसियोकाका तर म्हणाले, "पोरी, बाईने बोलावल्यावर बैल हलतात होय?"
"बैलांना विचारून सांगा, काका. मी थांबते."
थांबले. काकू आतून खो खो हसली. काका येणार!

१० फेब्रुवारी
दादाने फाटकाला कुलूप घातलं. बैलगाडीचा रस्ता तेवढा एकच. घर बाहेर काढायचं कुठून?
रडले. रडून झाल्यावर मागचं दार उघडलं. पायरीखाली पुळण. पुळण कुणाच्या नावावर नसते. समुद्राला फाटक नाही! आजोबांच्या वेळी घरं पाण्यावरून न्यायचेच की.

१३ फेब्रुवारी
घर तरंगवायला रिकामी पिंपं जमवली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात फिरवला. म्हटलं, ऐकतेस ना? पोहायचंय.

१७ फेब्रुवारी
ओहोटीला उबेर्लिंदा आणि मी कुरांतोसाठी तिसऱ्या, शिनाणे असले शिंपले काढत होतो.
"अगं, किती माणसं धरलीस?"
"घर हलेल इतकी."
"आणि नाही आली तर?"
"तर आपण दोघी फुटेस्तोवर खाऊ."
कुरांतोचा खड्डा मात्र पलीकडच्या काठावर खणलाय. जेवायचं असेल तर घर तिथवर आणावंच लागेल!

१८ फेब्रुवारी
सकाळी नेमेसियोकाकांची एकच जोडी. एका जोडीने घर हलत नाही. दादा फाटकाला टेकून. "करा की सुरू!" वहिनी त्याच्या मागे, माझ्या पिंपांकडे बघत.
पलीकडे उबेर्लिंदाने खड्ड्यातले दगड तापवायला घेतले होते. धूर उभा राहिला, साऱ्या खाडीला दिसेल असा. एकदा दगड तापले की कुरांतो कुणासाठी थांबत नाही. त्यावर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर नाल्काची छत्रीएवढी पानं, मग गवतासकट माती. मी पिंपं बांधत राहिले. बघायचंच नाही असं ठरवलं.
मग होड्या आल्या. बायका! "भावाला पाठव" म्हणणाऱ्या घरांतल्याच. कुणाच्या खांद्यावर दोर, कुणाच्या हातात वल्हं. मागून पुळणीवरून त्यांचे नवरे, बैल हाकत. एक जण कुरकुरला, "आमची ही ऐकतच नाही हो." त्याची बायको म्हणाली, "बोलू नका, ओढा!"
घर करकरलं, हललं, पाण्यात शिरलं. कलंडलं तेव्हा मी दोर घट्ट धरला. आणि मग तरंगलं! होड्यांनी ते ओढत पलीकडे नेलं. माझे पडदे समुद्रावर उडत होते.
पलीकडे माती सारली, पानं उचलली. काय ती वाफ! वाढता वाढता मी जेवायचंच विसरले. काकांनीच बटाट्याचा मिल्काओ माझ्या तोंडात कोंबला. "बैल म्हणाले, हिला आधी घाला."

१९ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात ऊन दुसऱ्याच भिंतीवर.

२१ फेब्रुवारी
वहिनी आली. एकटी, स्वतः वल्हवत. चहाही घेतला नाही.
"खड्डा बुजवलास का?"
"नाही अजून."
"बुजवू नकोस. माझ्या आईचं घर रिकामं पडलंय. तुझ्या शेजारी आणून ठेवू. मी राहणार त्यात." मग हळूच, "दारोदार जाताना पहिलं वाक्य काय बोलायचं गं?"