रांगेतली हवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा पुन्हा डोकं धरून घरी आले. टॅक्सी लावली आणि दारातच बसले, चप्पलही काढली नाही. डॉक्टर म्हणालेच होते, "वय झालं, आता स्टिअरिंग सोडा." आईने तेच लावून धरलंय — गाडी विका. बाबांनी किल्ली खिशात घातली.

पण सुट्टीच्या दिवशी त्यांचं डोकं का दुखत नाही? वय काय रविवारी कमी होतं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजच्या लॅबमधलं हवेतली धूळ मोजायचं यंत्र आमच्या मॅडमकडून मागून आणलं. त्या हो म्हणाल्या, तरी मी दोनदा विचारलं — नक्की ना? बसमध्ये टॉवेलात गुंडाळून मांडीवर, तान्ह्या बाळासारखं.

"हे काय?" — बाबा.

"तुम्ही श्वासात काय घेता ते सांगतं."

"हवा घेतो! त्यात सांगायचं काय?"

घरात शाळेत गेलेली मी पहिली. माझं साधं वाक्यसुद्धा त्यांना परीक्षेतला प्रश्न वाटतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर टॅक्सीत बाबांच्या शेजारी, मांडीवर यंत्र. मोकळ्या रस्त्यावर आकडा बरा. स्टेशनबाहेरच्या स्टँडवर आलो आणि यंत्राचा दिवा लालबुंद! आधी वाटलं, बिघडवलं मी. आता मॅडमना काय तोंड दाखवू?

मग रांग नीट पाहिली. मध्ये कुणी घुसू नये म्हणून हे लोक बंपरला बंपर चिकटवून उभे राहतात, आणि एसीसाठी सगळ्यांची इंजिनं चालू. पुढच्याचा धूर सरळ मागच्याच्या नाकात. बाबांचा अर्धा दिवस तिथेच जातो!

डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. काळाठिक्कर. वर वाळकी पानं, कुठल्याशा पतंगाचा पंख. बाबांनी फिल्टर उजेडात धरून पाहिला.

"यातून गाळून घेत होतो होय मी?"

९ फेब्रुवारी, रविवार

नवा फिल्टर बसवला. शिवाय बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण — गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो ते — कायम दाबून ठेवायला सांगितलं. स्टँडवर जाऊन पाहिलं. आकडा धाडकन खाली! मी सीटवर उडी मारली, टपाला डोकं आपटलं. जिंकले!

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जिंकले. मूर्ख आहे मी.

बाबा आज चार प्रवासी घेऊन लांब गेले होते. बटण दाबलेलं, काचा बंद. चालवता चालवता पेंगले. शेजारच्या प्रवाशाने खांदा हलवला म्हणून — नाही लिहवत.

यंत्र धूळ मोजतं. पाच माणसांचे उच्छ्वास आत साठत होते, ते त्याला दिसतच नाहीत. हे मला माहीत होतं! आणि मी म्हणाले, "कायम". हा शब्द लॅबमध्ये माझ्या तोंडून कधी निघाला नसता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "शिकलीस ना? मग चुकलं ते दुरुस्त कर. रडायला मी आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्त केलं. रांगेत किंवा ट्रकच्या मागे अडकलं तरच बटण दाबायचं, आणि तेही तेवढ्यापुरतं. मोकळा रस्ता लागला की सोडायचं. माणसं जास्त असली की मधूनमधून काच खाली. मॅडमनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं दुसरं यंत्रही दिलं, न मागता. संध्याकाळपर्यंत दोन्ही हिरवी. दोन्ही!

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा घरात शिरले ते "भूक लागलीय" म्हणत. डोक्याचं नाव नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रांगेत अंतर ठेवणं मात्र जमेना. बाबांनी जरा जागा सोडली की मागे हॉर्नचा कल्लोळ. त्यातला एक ड्रायव्हर — सगळे त्याला भोंगाच म्हणतात — ओरडला, "काय हो, लेकीला फिरायला अंगण सोडलंय का पुढे?"

सगळे हसले. माझे कान तापले. यंत्र घेऊन त्याच्याच गाडीत जाऊन बसले. त्याने आकडा पाहिला.

"हे आजच ना?"

"रोजच असणार, काका."

त्याने हॉर्नवरचा हात काढला. मग हळूच, "डोकं माझंही दुखतं गं. मी आपला ते बायकोच्या कटकटीवर घालत होतो."

२६ फेब्रुवारी, बुधवार

स्टँडवर शांतता!! चिमण्या ऐकू येतात!

युक्ती भोंगाकाकांची. रांगेत उभं राहिलं की इंजिन बंद, काचा खाली. रांग सरकली की उतरायचं आणि गाडी हातानेच पुढे ढकलायची, एकमेकांना हात लावत. जो इंजिन चालू करेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकजण आज बळी पडला, त्याची वरात काढायचीच बाकी ठेवली.

बाबा बाह्या वर करून ढकलत होते. "अरे, जोर आहे की नाही कुणात?" इतक्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. यंत्र हिरवं. मी दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा, नुसतं बघायला छान वाटलं म्हणून.

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "खुशाल चालवा." आईने गाडी विकायचा विषय स्वतःहून मागे घेतला. बाबांची गाडी राहिली! मी राखली! आज एवढा गर्व चालेल.

४ मार्च, मंगळवार

बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. "गाडी विकून टाकू."

मी किंचाळलेच — आता?

"आताच. म्हातारा, आजारी म्हणून सगळे गाडीतून उतरवत होते, तेव्हा नाही उतरलो. आता माझा मी उतरतोय."

आणि शीळ घालत आंघोळीला गेले.