लाखावरचं एक पान

चारठाणा. आषाढ अमावास्या, रविवार, फसली १३५२

सुटलो एकदाचा! उद्यापासून श्रावण. काशीबाईंच्या नवसाची लाख बेलपानं अकरा घरांनी मिळून महादेवाला वाहायची. काल देवळात मीच फुशारकीनं म्हणालो, "सगळ्यांना सारखी वाटून देतो." सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, हिसाब शिकवणारा मी, आधी भागून पाहायला काय झालं होतं?

घरी येऊन भागलं तर दहा उरली. म्हणजे दहा घरांना एकेक जास्त, अकराव्याला एक कमी. देवाच्या कामात कमी कोण घेईल? बायको म्हणाली, "आपणच घ्या की." पण म्हणताना तोंड फिरवलं.

आज सकाळी काशीबाईंपाशी सगळं कबूल केलं. म्हातारी हसली. "मास्तर, नुसता लाख कुठं वाहतेत का? वर एक लागतंय की!"

एक लाख एक! तिथंच धुळीत बोटानं लिहिलं. अकराच्या कसोटीसाठी एकाआड एक आकडे मिळवले. इकडं एक, तिकडं एक, वजाबाकी शून्य. अकरानं बरोबर भाग जातो! प्रत्येक घराला नऊ हजार एक्क्याण्णव. त्या एका पानानं माझी इज्जत राखली.

आता संध्याकाळी उगाच पाहत बसलो, नऊ हजार एक्क्याण्णव पानं रोज सारखी वाहता येतील का. सातानं नाही, तेरानं नाही, पंच्याण्णवपर्यंत कशानंच भाग जात नाही, म्हणजे पुढंही जाणार नाही. हे मात्र देवळात बोलणार नाही. रोज किती वाहायची विचारलंच, तर सांगेन, हाताला येतील तेवढी.