खायचं पीठ

मेलेल्या माणसाचा हाच दोष. त्याच्या नावावर कुणी काहीही खपवावं, तो उठून "खोटं!" म्हणत नाही. जिवंतपणी माझी एक थाप तू खपवून घेतली नाहीस, धपाटा ठरलेला. मग त्या दिवशी कुठे गेली होतीस? एवढ्या पोलिसांसमोर मी तुझं नाव घेतलं आणि साधी पालसुद्धा चुकचुकली नाही. अमेरिकेत पाली नसतात, ही सबब मला सांगू नकोस.

आई, तुझी पणती पोलीस आहे. माझी लेक इथे नोव्हाय गावी मोटारींच्या कंपनीत आली आणि तिनं डेट्रॉइटच्या एका काळ्या मुलाशी लग्न केलं, तोवर तू गेलेली होतीस, म्हणून मुळापासून सांगतेय. ही त्यांची मुलगी. बापासारखी उंच, केस त्याच्यासारखे दाट कुरळे, नाक मात्र तुझं, राग आला की फुगणारं. कमरेला पिस्तूल लावून माझ्या हातचं थालीपीठ खाते. आता नव्या पोलिसांना शिकवायचं काम तिच्याकडे आलंय. समोरच्याचा रंग बघून हात आधीच पिस्तुलाकडे का जातो, आणि तो कसा आवरायचा. तिला स्वतःला हे कुणी शिकवावं लागलं नाही, अंगावरच आलंय. गोऱ्यांना ती काळी, काळ्यांना ती वर्दी, आणि मंडळाच्या गणपतीत आपल्याच बायका तिला इंग्रजीत सांगतात, "इथे चपला काढायच्या असतात हं." जन्मापासून त्याच गणपतीला येतेय पोर.

वर्गात ती आमच्या घरची एक गोष्ट सांगते. मी लेकीच्या बाळंतपणाला आले होते तेव्हाची. इथल्या टबात पाय पसरून मी बसायची, बाळाला पायांवर घ्यायची आणि साय न् डाळीचं पीठ लावून चोळायची. लव जावी म्हणून सगळ्याच चोळतात. पण लव कधीच गेली होती. तरी मी चोळत होते. गावाकडे फोटो पाठवायचा होता आणि त्याआधी रंगात थोडा तरी फरक पडावा, असं माझ्या मनात होतं. एक दिवस पोर लालबुंद होऊन किंचाळतेय आणि जावई दारात उभा. त्याला मराठीतला एकच शब्द धड यायचा, तोही माझ्या आग्रहामुळे, पोळीवर पोळी वाढायचे म्हणून शिकलेला. तो म्हणाला, "पुरे, आई." ओरडला नाही. पंच्यात गुंडाळून पोर घेऊन गेला. पोर मोठी झाल्यावर त्यानंच तिला हे सांगितलं.

मध्यंतरी ती म्हणाली, "आजी, तू चल ना माझ्या क्लासला. तू स्वतः सांग. मी ट्रान्सलेट करीन." मी म्हटलं, माझी चौथी झालेली, पोलिसांना काय शिकवू? "तेच. चौथीवालीला कळतं तर त्यांना पण कळेल." जीभ माझ्यावर गेलीय तिची.

गेले. सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका लालबुंद मानेच्या पोलिसानं हात वर केला आणि काहीतरी विचारलं. नातीनं मराठी केलं, "आजी, तो विचारतोय, हे तुला कोणी शिकवलं?"

ती माझ्याकडे बघत होती. तुझं नाक घेऊन.

मी म्हटलं, "माझ्या आईनं."

सगळा वर्ग सैल झाला. तो मान डोलावून म्हणाला, त्याची आजीही तसलीच होती. दुसऱ्याचे आजोबा निघाले, तिसरीचा मामा. जो तो आपापलं मढं उकरून आपला दोष त्याच्या गळ्यात घालत होता, आणि सुरुवात मी करून दिली होती. येताना गाडीत नात म्हणाली, "पणजी मीन होती का गं? म्हणजे दुष्ट?" तेव्हा तरी नाही म्हणावं की नाही? मी म्हटलं, "त्या काळच्या बायका तशाच." तिनं तुझा फोटो मागितला. मावशीच्या लग्नातला, उन्हात डोळे बारीक केलेला, एकच तर आहे. मी दिला. आता तो वर्गात भिंतीवर हा एवढा मोठा दिसतो, आणि पोलीस तुझ्याकडे बघून मान हलवतात.

आणि तू काय केलं होतंस? मी लहान, तुझ्याचसारखी काळी. काकूनं साय-पीठ कालवून वाटी माझ्या हातात दिली, तुला म्हणाली, चोळ हिला, पुढे लग्नाला त्रास नको. काकू जाईपर्यंत तू थांबलीस. मग वाटी माझ्या हातून ओढून घेतलीस आणि कढीत ओतलीस. "खायचं पीठ आहे, पोर घासायचं नाही." ती कढी मी खाल्लीय. तिची चव अजून तोंडात आहे, आणि त्याच तोंडानं मी तुझं नाव सांगितलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. न करायला शिकवलं होतं, तेवढं मी विसरले नव्हते.

आता दर मंगळवारी ती मला वर्गाला नेते. या मंगळवारीही आहे. मागच्या मंगळवारीही खरं सांगायचं ठरवून गाडीत बसले होते. ऐन वेळी तिला विचारलं, "जेवलीस का?"

तुला वाचता येत नव्हतं आणि नातीला मराठी अक्षर लागत नाही. एवढं सगळं लिहिलं ते त्याच भरवशावर. लेक ऑफिसातून यायच्या आत फाडून टाकीन.

पण मंगळवारी तो लाल मानेचा किंवा दुसरा कुणी पुन्हा विचारेल. तेव्हा भिंतीवरून तू ओठ हलवायचे नाहीस. प्रश्न मला आहे, उत्तर मीच द्यायचं.