सुकरीच्या गोळ्या

१० जानेवारी १९८६, शुक्रवार

डास लय मोठा झाला. भिंतीवर कोंबड्याएवढा! सिस्टर क्लेमेन्शिया म्हणाल्या, राहू दे, मुलांना लांबून दिसेल. सुकरी रंगाचा डबा धरून उभी होती. म्हणे, भाऊ, हा चावते का आरवते?

चौथीत आहे ती, पण तेरा वर्षांची. शाळेत उशिरा आली. मराठी इथीच शिकली आणि आता माह्यापेक्षा जास्त बोलते.

मिशनच्या शाळेत मले दीड महिना झाला. एका जागी दीड महिना — मायले सांगितलं तर खरं वाटणार नाई. नववीतून पळालो. सिंदेवाहीले गफ्फार पेंटरच्या दुकानात पाट्या रंगवल्या. मग दोन वर्षं तेंदूपानं गोळा करतात त्या फडीवर, तिथी गोंडी शिकलो. सिस्टर केरळच्या, त्यांले गोंडी येत नाई. आतल्या गावच्या लोकायले मराठी येत नाई. म्हणून मी भिंती रंगवतो, आणि मधात उभा राहून इकडचं तिकडं सांगतो. दोन टाइम जेवण, झोपाले धान्याची खोली.

शुक्रवारचा शेवटचा तास सिस्टरचा. अंग आणि वागणूक. नखं, उकळलेलं पाणी, कोणी वाईट हात लावला तर कोणाले सांगायचं, शेजारी आजारी पडला तर काय करायचं. पुस्तक नाई, परीक्षा नाई. रंग वाळतपर्यंत मी खिडकीतून ऐकतो. आमच्या शाळेत असा तास असता तर — जाऊ दे.

१३ जानेवारी, सोमवार

मलेरियावाला आला. पोरांच्या बोटाले सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. सुकरीले दोन दिवसांपासून सांजच्याले हिव भरते. ज्यायले ताप होता त्यायले त्यानं एकेक डोस दिला. पुऱ्या गोळ्या रिपोर्ट आल्यावर. रिपोर्ट कधी? म्हणे, आठ दिवस, दहा दिवस, साहेबाची मर्जी.

१६ जानेवारी, गुरुवार

सुकरीची माय आली. सुकरी काल शहाणी झाली. म्हणून घरी न्यायले आली.

असं बोलणं मधात उभं राहून सांगायचं म्हणजे! सिस्टरनं मोठ्या पोरींले हा धडा खिडक्या लावून शिकवला होता, मले तेव्हा विहिरीवर पाठवलं होतं. आज दुसरं कोणी नव्हतं. भिंतीकडं तोंड करून सांगत राह्यलो. सिस्टर म्हणाल्या, शरीर विटाळत नाही, ती इथेच राहील, खाट आहे, मी आहे. माय म्हणाली, पहिली खेप गावच्या कुरम्यातच बसावं लागते. कुरमा म्हणजे गावाच्या कडेची झोपडी. पाळीच्या दिवसांत बाई तिथी राहते. पहिल्या खेपेले तर जास्तच दिवस. माणूस तिकडं फिरकत नाई. बायका भाकर-पाणी दारापुढं ठेवून मागं होतात. हिले इथी ठेवलं आणि गावात कोणाचं पोर दगावलं, तर आमच्यावर येईल, माय म्हणाली. लग्न कोण करीन हिच्याशी?

शेवटी सिस्टर हरल्या. ताप दोन दिवसांपासून नव्हता, म्हणून जाऊ दिलं.

सुकरी जाताना म्हणाली, डासाचे पाय मी आल्यावर काढा, मले पाहाचं हाय.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी रिपोर्ट आला. चार पोरांच्या रक्तात मलेरिया निघाला. तिघं इथीच आहेत, चौथी सुकरी. तिचा ताप वाईट जातीचा, डोक्यात चढणारा. जीप फादरबरोबर नागपूरले. सिस्टरनं मले सायकल दिली आणि कागदात बांधलेल्या गोळ्या दिल्या. आज किती, उद्या किती, परवा किती — तीनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, "आजच, लहानू. वाटेत कुठे थांबू नको." ओळखतात मले.

कोसमटोला बावीस किलोमीटर. आता अकरा किलोमीटरवर बसून लिहून राह्यलो. शंकरपट आहे इथी! तीन दिवसांचा, दोन-दोन बैलांच्या जोड्या, धूळ उडून दिसत नाई कोण पुढं. इब्राहीम भेटला, गफ्फारभाईच्या दुकानातला माह्या जोडीचा. बक्षिसांचा फलक त्याच्याकडं आहे आणि हाताले त्याच्या फोड आलेला. म्हणे, लहान्या, तुझं अक्षर पाहून बैल बी सरळ धावतील. एक घंट्याचं काम. गोळ्या शर्टाच्या खिशात आहेत, बटन लावलं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

इथीच. काल फलक झाला तर जोड्यांचे नंबर निघाले. ते झाले तर मटण शिजलं होतं. सकाळी निघणार होतो, पण पोंभुर्ण्याची जोडी आज धावणार होती आणि सगळे म्हणत होते ती पाहिली नाई तर काय पाहिलं. पाहिली. हरली.

तापच तर आहे. मले किती वेळा आला आणि गेला.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी कोसमटोल्याले पोचलो. सुकरीचा बाप वारलू अंगणात बांबूचं ताट विणत होता. मराठी बोललं की नुसती मान हलवते. गोंडीत सगळं सांगितलं, आज किती, उद्या किती. त्यानं दोन्ही हातांनी पुडी घेतली. एक लहानी पोरगी त्याच्या मांडीले टेकून होती.

मी म्हटलं, आत्ता द्या. तो म्हणाला, बायको जंगलात गेली, आली की नेईल, मी तिकडं कसा जाऊ? ताप तीन दिवसांपासून उतरला नाई म्हणाला. पाणी ठेवलं ते तसंच राहते.

मी कुरम्यापासून लांब, मोहाच्या झाडाखाली उभा राह्यलो आणि हाक मारली. आतून काही तरी बोलली. समजलं नाई. मराठीत होतं का गोंडीत, ते बी समजलं नाई. पुढं जायची माही हिंमत झाली नाई. मी तर त्या गावचा बी नोहो, बौद्धाचं पोर, मले कोणता देव धरणार होता?

शाळेत आल्यावर सिस्टरले सांगितलं — बुधवारी सांजच्यालेच पोचलो, गोळ्या दिल्या, येताना टायर फाटला, त्यात दोन दिवस गेले. सिस्टरनं डोक्यावर हात ठेवला. आता गोळ्या पोचल्या. तेवढ्या खोट्यानं कोणाचं काही बिघडत नाई.

२६ जानेवारी, रविवार

झेंड्याच्या वेळेले कोसमटोल्याचा माणूस आला. सुकरी काल दुपारी गेली. म्हणे, गोळ्या पोटात गेल्याच नाईत.

मीच सिस्टरले मराठीत सांगितलं.

२९ जानेवारी, बुधवार

वारलू आला. सुकरीची पेटी न्यायले. सिस्टरनं त्याले पाणी दिलं, खुर्ची दिली. तो खाली बसला. मग त्या मले म्हणाल्या, "विचार त्याला, गोळ्या बुधवारी मिळाल्या, तर शनिवारपर्यंत मुलीच्या पोटात का नाही गेल्या?"

मी गोंडीत विचारलं, गोळ्या कधी दिल्या तिले?

त्यानं माह्याकडं पाहिलं. हळूच म्हणाला, तू शुक्रवारी आणल्या. बायको रात्री उशिरा आली. शनिवारी सकाळी तिनं नेल्या. सुकरीचे दात उघडले नाईत.

मी सिस्टरले म्हटलं, तो म्हणते, माणसाले कुरम्याजवळ जाता येत नाई, म्हणून पुडी घरातच राहिली.

सिस्टर रागावल्या नाईत. रागावल्या असत्या तर बरं. पदराले डोळे पुसले आणि म्हणाल्या, म्हण त्याला, मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. मी गोंडीत म्हटलं, सिस्टर म्हणतात, पेटी घेऊन जा.

ते कसं निघालं तोंडातून, आता बी समजून नाई राह्यलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटच्या तासाले सिस्टरनं सुकरीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाई, पण सगळ्यांले माहीत. औषध घरात आलं. तीन दिवस पुडीतच राहिलं. का? चौथीची पोरं एका आवाजात म्हणाली, बापानं नेऊन दिलं नाई. मग आपण काय करायचं? आजारी माणसाकडं आजच जायचं.

तास सुटल्यावर सिस्टर म्हणाल्या, हे भिंतीवर काढ. डासाच्या बाजूले. एक झोपडी, आत मुलगी, बाहेर हातात पुडी धरून बसलेला बाप. खाली मोठ्या अक्षरात — उशीर करू नका.

मी सिस्टरले म्हटलं, दुसरं काही काढू का? त्या म्हणाल्या, हेच. रडायला येईल असं काढ.

हे सगळं सोडून द्यावं, बल्लारशाले जावं, तिथून कोणती बी गाडी. पिशवी भरली होती. मग वाटलं, गेलो तर सिस्टर कोसमटोल्याले दुसरा कोणी गोंडीवाला नेतील. म्हणून राह्यलो. जिंदगीत पहिल्यांदा एका जागी राह्यलो, ते बी याच्यासाठी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र झालं. बाप चांगला जमला. सगळे म्हणतात, हुबेहूब वारलू. अक्षर सरळ आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वारलू लहान्या पोरीले घेऊन आला, सोमारी. सिस्टर तिचं नाव लिहायले रजिस्टर आणायले आत गेल्या. तो भिंतीपुढं उभा राह्यला, लय वेळ. मग माह्याकडं न पाहता बोलला, मराठीत, आरमोरीच्या बाजारात मोहफूल विकणारा बोलते तसा साफ: "वार मले समजतात, भाऊ. त्या दिवशी सिस्टर बुधवार म्हणाली आणि तू तसंच राहू दिलं, ते बी समजलं. तुही सिस्टर तुहंच आयकते. हिले इथीच शिकवाचं हाय, म्हणून गप राह्यलो. दोन दिवस तुहे, एक रात माही."

सिस्टर रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. त्यानं पोरीचा हात माह्या हातात दिला. गरम होता.

"कालपासून हिव भरते हिले. एवढं तरी बरोबर सांग."