हळूच, हळूच, हळूच, ठक

ती. ताई,

वाकून नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? पत्र बसून वाच; उभ्याने वाचण्यासारखं नाही.

बाबांच्या एकशे बारा रेकॉर्ड माझ्या हवाली करताना तू बजावलं होतंस, की चांगली पाकिटं आण, स्वतःच्या दप्तरासारखे हाल करू नकोस. म्हणून दुकानात गेलो. तिथला दुकानदार नाडी बघावी तशी रेकॉर्ड धरतो. त्याच्या मते साधा कागद ओरखडे पाडतो, हलक्या प्लास्टिकला घाम येतो आणि तो रेकॉर्डच्या अंगावर धुक्यासारखा बसतो. तेव्हा आत गुळगुळीत अस्तराचं पाकीट, बाहेर जाड पारदर्शक कव्हर, आणि ठेवायच्या उभ्या. (आडव्या पडून राहिल्या की वाकतात म्हणे. माझ्याकडे बघून का म्हणाला, कळलं नाही.) तीन आठवडे मी नमुने खिडकीच्या उजेडात धरून बघत होतो. आमच्या हिने एकदाच विचारलं, "लग्नाचे फोटो बुटांच्या खोक्यात आहेत. त्यांना घाम येत नाही वाटतं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. इतक्या वर्षांत तेवढं एक मला उत्तम जमू लागलंय.

मग एका दुपारी एकेक रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसत बसलो. पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती, आणि बघता बघता त्या धुळीत आपली जुनी खोली उभी राहिली: बाबा खुर्चीत डोळे मिटून, तू फरशीवर पालथी, मी तुझी वेणी खुर्चीच्या पायाला बांधण्यात मग्न. आणि नेमकी तीच रेकॉर्ड हाताला लागली. ‘हळूच’ या शब्दावर सुई अडायची, तीनदा तेच म्हणायची, मग बाबा डोळे न उघडता फरशीवर टाच आपटायचे आणि गाणं पुढे जायचं. आपल्याला वाटायचं, चालच तशी आहे. (शाळेच्या स्पर्धेत तू तीनदा ‘हळूच’ म्हणून टाच आपटलीस आणि परीक्षकबाईंचा चहा सांडला. नंबर खालून पहिला.)

पुसली, लावली. ‘हळूच’ आलं. मी टाच उचलून तयार. ताई, गाणं थांबलंच नाही. बाबांची वाट न बघता सरळ पुढे निघून गेलं. ओरखडा कधी नव्हताच. चाळीस वर्षं तिथे धुळीचा एक कण बसून होता, तो मी पुसून टाकला. टाच बराच वेळ तशीच वर राहिली.

रागावलीस तर तुझा हक्क आहे. पाकिटं मात्र झकास मिळाली आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी दुपारी फोन कर. मी रेकॉर्ड लावतो. तू तिकडून तीनदा म्हण, टाच मी आपटतो. (खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून दुपारी झोपतात, त्यांना सांगून ठेवलं आहे.)

आणखी एक. नव्या पाकिटांत एकशे अकराच आहेत. ती एक जुन्या कागदातच परत घातली. कागद झटकलेला नाही.