अडतीस नंबर माझा

बारक्या,

आणि काय रे, ‘आधी मागेल त्याला नंबर, असा नियम आहे दादा’ म्हणून फोन आपटलास? नियम मला शिकवतोस? इथे रेसच्या गाड्यांवर नंबर मीच चिकटवतो. ड्रायव्हरने एकदा नंबर निवडला की रेसिंग सोडेपर्यंत तो त्याचाच, टीम बदलली तरी. म्हणजे तुझ्या पहिल्या रेससाठी मागून घेतलेला अडतीस आता कायमचा तुझा, आणि मी इथून नुसतं जळायचं. (अनेक आशीर्वाद. तब्येत ठणठणीत असणारच, दुसऱ्याचं ढापलं की झोप छान लागते. आईचे गुडघे कसे आहेत?)

अडतीस आला कुठून, आठवतंय? लहानपणी बेअरिंगची चाकं लावून केलेल्या आपल्या गाड्याची फळी मी दुकानामागून उचलून आणली होती. तिच्यावर तो छापलेलाच होता. मी वर बसायचो, तू मागून ढकलायचास. ढकलणाऱ्याचा नंबर असतो होय रे? विचार आईला. (नको विचारूस, ती तुझीच बाजू घेईल.)

तुझ्यापायी परवा माझी शोभा झाली. आमच्या टीमचा एक ड्रायव्हर आहे, माझ्यापेक्षा लहान, नंबर त्र्याऐंशी. सरावाआधी त्याच्या गाडीच्या नाकावर आकडे लावत होतो. डोक्यात तू, हातात आठ आणि तीन. हातांनी आधी तीन लावला, मग आठ, आणि मी फडक्याने पुसून मोकळा! गाडी सुटली तसा माईकवाला ओरडायला लागला, ‘हा अडतीस कोण? यादीत अडतीस नाहीच!’ गाडी परत आली तेव्हा ते पोरगं हेल्मेट काढायच्या आधीच माझ्यावर धावलं, ‘माझा नंबर कुठे गेला?’ मला त्याचा राग आला नाही. माझंही तेच म्हणणं आहे, फक्त माझं कुणी ऐकत नाही. मग सगळ्यांसमोर गरम हवा मारून आकडे सोलायला लावले.

पण एक चक्कर, बारक्या, माझा अडतीस असा पळाला की बघत राहावं. तुझा अजून गॅरेजमध्येच आहे.

तुझा (नंबर गेलेला)
दादा

ता. क. तू पाठवलेल्या गाडीच्या फोटोत तुझा ब्रशने रंगवलेला आठ चुरगळलेल्या शून्यासारखा दिसतोय. स्टिकरचे तीन आणि आठ नीट कापून पाठवतोय. मधून बाहेर दाबत लाव, बुडबुडा राहिला तर माझं नाव सांगू नकोस.

आणखी एक. गाडी ढकलायला माणूस शोधतोयस म्हणे. परक्या कुणाला घेऊ नकोस, हंगाम संपला की मी येतो.

आणि टायरसाठी अडतीसशे पाठवणार होतो, पण तो आकडा लिहायला हात होईना. सदतीसशे पाठवतोय.